बीसीएम खरंच गेलाय का? गाडीच्या बॉडी इलेक्ट्रिकल फॉल्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय, आणि दिवसातून दोन-तीन जण तरी हेच विचारत येतात, फोनवर पण तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. गाडी कुठली पण असू दे, बोलणं एकच असतं, "दादा, बीसीएम गेलाय म्हणालेत, आता काय करायचं?" खालचं सगळं बारा व्होल्टच्या पेट्रोल, डिझेल, सीएनजी गाड्यांचं आहे. इलेक्ट्रिक गाडीचे लाईट, काचा, लॉक पण बारा व्होल्टवरच चालतात, पण तिच्या नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबलला घरी हात लावायचा नाही.

बीसीएम म्हणजे नेमकं काय ओ?

बॉडी कंट्रोल मॉड्यूल. जुन्या गाडीत हेडलाईटचं बटन दाबलं की करंट बटनातून नायतर रिलेतून (करंटनं चालणारा स्विच) सरळ बल्बला जायचा, वायर धरून मागं मागं गेलं की फॉल्ट सापडायचा. आता बटन फक्त निरोप देतं. तुम्ही वायपरचा दांडा खाली ओढला की तो निरोप बीसीएमला जातो, बीसीएम बघतो इग्निशन ऑन आहे का, स्पीड किती आहे, आणि मग वायपरला करंट सोडतो. लाईट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सेंट्रल लॉक, काचा, आतला दिवा, मागचा डिफॉगर, बऱ्याच गाड्यांत चावीचा इमोबिलायझर (खरी चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारा) पण, हे सगळं त्याच्याकडं. असतो डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या पायाजवळ नायतर ग्लोव्ह बॉक्सच्या मागं, आणि बऱ्याच गाड्यांत आतल्या फ्यूज बॉक्सलाच जोडलेला असतो.

बीसीएम खराब झाल्याची लक्षणं काय?

लोक सांगतात ती अशी: लाईट आपोआप लागतात, वायपर मधेच एक हात मारतं, लॉक खटखट वाजत राहतं, हॉर्न रात्री दोनला वाजायला लागतो आणि आख्खी गल्ली जागी होते, काच एकदा खाली गेली की वर येत नाही, सकाळी बॅटरी बसलेली. आता नीट वाचा, ह्यातलं प्रत्येक लक्षण कमी व्होल्टेजनं होतं, खराब अर्थनं (अर्थ म्हणजे करंट पत्र्यावरनं बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट) होतं, कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) पाणी गेल्यानं होतं, आणि बीसीएम खरंच जळाल्यावर पण होतं. नुसत्या लक्षणावरून बीसीएमचं नाव घेता येत नाही, आणि ज्यानं मीटर (मल्टिमीटर) न लावता घेतलं त्याला विचारा, कसं कळलं?

स्कॅनर लावला, कोड आला, म्हणजे पार्ट बदलायलाच पाहिजे ना?

नाही. स्कॅनर म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून मॉड्यूलचे फॉल्ट कोड वाचायचं यंत्र. कोड पार्टचं नाव सांगत नाही, तक्रार सांगतो. पी नं सुरू होणारे कोड इंजिन-गिअरचे, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचे, बी म्हणजे बॉडीचे आणि यू म्हणजे आपापसातल्या बोलण्याचे. सगळ्यात जास्त घोळ यू ०१४० ह्या कोडवर होतो. त्याचा अर्थ एवढाच की दुसऱ्या कुठल्यातरी मॉड्यूलला बीसीएमचा आवाज ऐकू आला नाही. का नाही आला ते त्यात लिहिलेलं नसतं. बीसीएमचा फ्यूज उडाला असेल, अर्थ सुटला असेल, मधली वायर तुटली असेल, किंवा गेल्या महिन्यात बॅटरी बसली होती तेव्हाचा जुना कोड तसाच पडून असेल.

म्हणून आधी सगळे कोड लिहून घ्यायचे, फोटो काढायचा, मग क्लिअर करायचे आणि गाडी चालवून कुठला परत येतो ते बघायचं. जो परत येतो तोच कोड खरा धरायचा. बॅटरी बसलेली गाडी स्कॅन केली की दहा-पंधरा कोड सहज दिसतात आणि तो कागद बघून गिऱ्हाईक घाबरतं, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

मग सुरुवात कुठनं करायची?

बॅटरीपासनं. कंटाळवाणं वाटतं पण इथंच निम्मी कामं संपतात. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी मीटर लावा, १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ च्या मधे पाहिजे (काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटर चालवतो, तिथं आकडा थोडा खालीवर होतो, घाबरू नका). सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं की मॉड्यूल बंद पडून परत सुरू होतात, मग लॉक खटकन वाजणं, घड्याळ शून्यावर जाणं, डॅशबोर्डवरच्या काट्यांनी उडी मारणं असलं सगळं दिसतं. मग टर्मिनल बघा, पांढरी भुकटी असली तर साफ करून घट्ट करा, आणि मगच पुढं जायचं.

अर्थ चेक केला, मीटर बीप देतोय, मग अर्थ बरोबर आहे ना?

ह्या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त बीसीएम ह्याच्यामुळं फुकट बदलले जातात.

बीप म्हणजे मीटर आपला बारीकसा करंट सोडतो आणि तो पलीकडं पोचला. वायरीतल्या तीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतोच. पण त्या एका तारेतून हेडलाईटचा आणि वायपरचा करंट जाणार आहे काय? नाही. म्हणून अर्थ लोडवर तपासायचा. मीटर डीसी व्होल्टला ठेवा, एक पिन बीसीएमच्या कपलरमधल्या अर्थच्या वायरला मागच्या बाजूनं लावा, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, आणि हेडलाईट, वायपर, ब्लोअर सगळं चालू करा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत पाहिजे. पॉझिटिव्हच्या बाजूला पण तसंच, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बीसीएमच्या सप्लाय पिनपर्यंत, ०.२ ते ०.३ पर्यंत चालतं.

गेल्या पावसाळ्यात कसबा बावड्यातनं एक मामा हॅचबॅक घेऊन आले. हेडलाईट लावून वायपर चालू केलं की चारी दरवाजांची लॉकं टकटक टकटक, आणि वायपर बंद केलं की सगळं शांत. एका ठिकाणी बीसीएम बदलायचा सांगितला होता, कोडिंगसकट पंचवीस हजारांच्या पुढचा आकडा, मामांची भाताची लावण चालू होती आणि चेहरा पार उतरलेला. मी ड्रायव्हरच्या डाव्या पायाजवळचं प्लॅस्टिक काढलं, तिथं पत्र्याला दहाच्या पान्याचा एक अर्थचा बोल्ट असतो, चार काळ्या वायरी एका लगमध्ये (बोल्टखाली बसणारं वायरीचं टोक). वरनं बघितलं तर एकदम चकचकीत. पण मीटर लावून लाईट आणि वायपर चालू केलं तर १.८ व्होल्ट! बोल्ट खोलला, लग उलटा केला, खाली हिरवट थर आणि पत्र्यावर रंग तसाच, कधीतरी टिंकरिंगच्या कामात कुणीतरी रंग न खरवडता लग बसवला होता. रंग खरवडला, लग तारेच्या ब्रशनं पिवळा धमक केला, घट्ट बसवून वरनं ग्रीस लावलं. ०.०४ व्होल्ट. लॉकं गप्प. मामा दहा मिनिटं नुसतं वायपर चालू-बंद करत बसले होते.

असं का होतं? अर्थ कमजोर झाला की बीसीएमचा शून्यच वर सरकतो. त्याचं शून्य १.८ वर गेलं की लॉकच्या स्विचकडनं येणारा सिग्नल त्याला वेगळाच वाचला जातो, आणि त्याच्या हिशेबानं तो बरोबरच वागत असतो. तो बिचारा चुकत नव्हता.

बीसीएमच्या आधी फॉल्ट आहे का नंतर, हे कसं ओळखायचं?

हा खरा प्रश्न, आणि इथं चांगला स्कॅनर पैसे वसूल करून देतो. बीसीएमच्या एका बाजूला निरोप येतात, दुसऱ्या बाजूला हुकूम जातात. स्कॅनरमध्ये लाईव्ह डेटा उघडा, स्वतः बटन दाबा आणि स्क्रीनवर बघा. हॉर्न दाबल्यावर हॉर्न स्विच ऑन झाला का? झाला नाही तर स्विच, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगबरोबर फिरणारी गुंडाळलेली वायरीची पट्टी) नायतर मधली वायर, बीसीएमला कळलंच नाही तर तो वाजवणार काय. झाला, म्हणजे आधीची बाजू ठीक. मग ॲक्टिव्ह टेस्टमध्ये जाऊन स्कॅनरवरनंच हॉर्न वाजवून बघायचा. वाजला तर पुढची बाजू पण ठीक. नाही वाजला तर बीसीएमच्या पिनवर मीटर लावायचा, तिथं बारा व्होल्ट येतंय आणि हॉर्नला पोचत नाही तर मधे वायर तुटली, कपलर सुटला, रिले गेला. (जिथं हॉर्नचा रिले बाहेर असतो तिथं बीसीएम रिलेला फक्त अर्थ देतो, सर्किट बघूनच मोजा.)

दोन मिनिटांत फॉल्ट अर्ध्यावर येतो. मी नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो, बीसीएमला काय दिसतंय ते आधी बघा, मग त्याला नावं ठेवा.

अजून एक. वायपर आणि लाईटच्या दांड्यात बऱ्याच गाड्यांत एकाच वायरीवर वेगवेगळे रेझिस्टन्स असतात, प्रत्येक पोझिशनला वेगळं व्होल्टेज जातं. आतला कॉन्टॅक्ट घाण झाला की व्होल्टेज मधलंच कायतरी जातं आणि स्लो लावल्यावर फास्ट चालतं. फॉल्ट दांड्याचा, शिव्या बीसीएमला.

एका बाजूचा लाईट लागत नाही, फ्यूज पण ठीक आहे. म्हणजे बीसीएमच ना?

थांबा. नव्या बीसीएममध्ये बऱ्याच लाईटना फ्यूज-रिले नसतोच, आतलं ट्रान्झिस्टर करंट सोडतं आणि स्वतःच रखवाली पण करतं. वायर कुठं पत्र्याला घासून शॉर्ट झाली की ते लाईन बंद करून टाकतं, काही गाड्यांत इग्निशन बंद-चालू केल्यावर परत प्रयत्न करतं. ही त्याची तब्येत चांगली असल्याची खूण आहे. त्या लाईटचा कपलर काढा, वायर अर्थला लागतेय का बघा, शॉर्ट काढा, लाईट परत लागतो.

इंडिकेटर एका बाजूला भराभर मारतोय.

बल्ब गेला. बीसीएम करंट मोजतो, २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो, तेवढा नाही गेला की तो भराभर मारून सांगतो. बाहेरनं एलईडी टाकला असला तरी हेच होतं कारण एलईडी फारच कमी खातो. साधा बल्ब टाका.

दरवाजा उघडताना काच-लॉक चालतं आणि बंद केला की चालत नाही, हे काय?

दरवाजा आणि बॉडीच्या मधे काळा रबरी पाईप असतो बघा, त्यातनं सगळ्या वायरी जातात आणि दरवाजा उघडेल तेवढ्या वेळा वाकतात. आठ-दहा वर्षांच्या गाडीत ड्रायव्हरच्या दरवाजाच्या वायरी आतल्या आत तुटतात, वरचं प्लॅस्टिक शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं, म्हणून नुसतं बघून कळत नाही, एकेक वायर हलकी ओढून बघायची, तुटलेली रबरासारखी लांबते. डिकीच्या बिजागराजवळ पण हेच. जोडताना नुसती टेप गुंडाळू नका, सोल्डर नायतर चांगला क्रिंप आणि वरनं हीट श्रिंक, आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब घ्या. दरवाजा लावलेला असताना पण उघडा दाखवत असेल तर तो बहुतेक लॅचमधला मायक्रो स्विच, वेगळी गोष्ट.

पावसाळ्यातच फॉल्ट येतो, उन्हाळ्यात गाडी एकदम ठीक. का?

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, गगनबावडा, राधानगरीकडं रोजची ये-जा असलेल्या गाड्या जून ते सप्टेंबर कधी कोरड्याच नसतात. पाणी आत येतं ते बहुतेक तीन-चार वाटांनी. समोरच्या काचेखाली वायपरच्या जाळीतली पाण्याची भोकं पानांनी तुंबतात (झाडाखाली गाडी लावत असाल तर महिन्यातनं एकदा तिथं हात घालाच), काच बदलली असेल तर तिचं सीलिंग, एसीचा पाण्याचा पाईप तुंबला की पाणी डाव्या सीटच्या पायाशी, आणि सनरूफच्या गाडीत खांबातनं उतरणाऱ्या नळ्या.

आणि पाणी वायरीवरनं चालत येतं हे लक्षात ठेवा. एकदा बीसीएम काढायच्या आधी टॉर्च मारून नुसता बघत बसलो होतो, वायरिंगचा जुडगा वरनं खाली येऊन बीसीएमच्या कपलरकडं वळतो तिथं सगळ्यात खालच्या वाकणावर एक थेंब लोंबत होता. थेंब मोठा झाला, टपकन कपलरवर पडला, आणि त्याच क्षणाला पार्किंग लाईट लागले. मालक शेजारीच उभे होते, त्यांनी पण डोळ्यानं बघितलं. तिथं कपलर साफ करून उपयोग नव्हता, पाण्याची वाट वर काचेच्या कोपऱ्यात होती, ती बंद केली.

हिरवं चढलेला कपलर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशनं साफ करा. पॉलिश पेपर घासू नका, पिनवरचा मुलामा निघतो आणि दोन महिन्यांत दुप्पट गंजते. पिन ढिली झाली असेल तर पिनच बदलायची.

पुराच्या पाण्यात गाडी गेली होती, बीसीएम वाचेल का?

२०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेनं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे नदीकाठच्या पोरांना पण पाठ आहेत. ३९ च्या जवळ पाणी आलं की गाडी उंचावर नेऊन लावा, कुणाच्या फोनची वाट बघू नका.

गाडी बुडालीच तर पाणी उतरल्यावर सेल्फ मारायचा नाही, इग्निशन पण ऑन करायचं नाही. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पाणी ओसरल्यावर "बघूया लागतीय का" म्हणून चावी फिरवली आणि इंजिन पण गेलं नि मॉड्यूल पण, अशा गाड्या डोळ्यांदेखत बघितल्यात. ओल्या कार्डात (मॉड्यूलमधल्या सर्किट बोर्डात) करंट चालू राहिला तर तांब्याच्या रेघा काही तासांत खाऊन टाकतो, करंट नसला तर तेच कार्ड बरेचदा वाचतं. मॉड्यूल काढून उघडायचे, गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, आणि सावलीत फॅनखाली पूर्ण वाळवायचे. सीटखालच्या आणि स्टिअरिंगकडच्या पिवळ्या कपलरना मात्र हात लावू नका, ते एअरबॅगचे, त्यांना मीटर पण लावायचा नाही.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा आणि कार्पेट उचलून बघा. बेल्टच्या टोकाला मातीची रेघ, कार्पेटखाली बारीक गाळ, म्हणजे कळलं.

रोज सकाळी बॅटरी बसते, नवीन बॅटरी टाकली तरी बसते.

गाडी झोपत नाही. लॉक केल्यावर सगळी मॉड्यूल एकेक करून झोपतात, गाडीप्रमाणं दहा मिनिटं ते अर्धा-पाऊण तास लागतो, आणि मग करंट साधारण ५० मिलीअँपच्या आत यायला पाहिजे. हिशेब करा, अर्धा अँपिअर जात राहिला तर दिवसाला १२ अँपिअर-अवर, आणि बॅटरी ३५ ची. दोन दिवस गाडी उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ उचलायचा नाही.

मोजायचं असं. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं बंद पोझिशनला दाबा, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटतं. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या लॅचला पण तसंच. गाडी लॉक करा, चावी लांब ठेवा, खिशात चावी घेऊन गाडीजवळ उभं राहिलात तर काही गाड्या झोपतच नाहीत. डीसी मिलीअँप मोजणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्ह केबलला लावा आणि पाऊण तास चहा प्या. तो मीटर नसेल तर साधा मीटर दहा अँपिअरच्या होलमध्ये सिरीजमध्ये लावता येतो, पण मधे दरवाजा उघडला नायतर सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा.

जास्त दाखवत असेल तर फ्यूज काढत सुटू नका, काढून परत बसवला की मॉड्यूल जागं होतं आणि परत पाऊण तास. त्यापेक्षा मीटर मिलीव्होल्टला ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन ठिपक्यांना लावा. जिथं शून्य येत नाही त्या लाईनमधनं करंट जातोय. सापडतं ते बहुतेक हेच: बाहेरनं बसवलेला स्टिरिओ किंवा डॅशकॅम कायमच्या लाईनवर जोडलेला, डिकीतला दिवा बंदच होत नाही, चिकटलेला रिले, नायतर दरवाजाचा तो मायक्रो स्विच.

कॅन लाईन, साठ ओहम हे काय असतं?

मॉड्यूल एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवर बोलतात, त्याला कॅन म्हणतात, बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जगापुढं आणलं. लाईनच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टन्स असतात, दोन्ही मिळून ६०. बॅटरी काढा, पाच मिनिटं थांबा, स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये मोजा. ६० च्या आसपास आलं तर ठीक, १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. बॅटरी जोडून इग्निशन ऑन केल्यावर मीटरला कॅन हाय अडीचच्या जरा वर आणि कॅन लो जरा खाली दिसतं. पण बऱ्याच नव्या गाड्यांत सॉकेटच्या मागं गेटवे (लाईनींच्या मधे बसून निरोप पुढं पाठवणारं मॉड्यूल) बसलेला असतो, तिथं तुम्ही फक्त सॉकेटपासून गेटवेपर्यंतची लाईन मोजताय, आतली नाही, ६० आलं म्हणून खूश होऊ नका.

काचांचे स्विच, रेन सेन्सर असली कामं एका वायरीच्या लिन लाईनवर असतात. ती शांत असताना बॅटरीएवढं व्होल्टेज दाखवते. कायम शून्य असेल तर एखादं उपकरण ती लाईन खाली ओढून बसलंय, त्यानं बाकीचे पण मुके होतात. एकेक कपलर काढत जा, ज्याचा काढल्यावर व्होल्टेज वर आलं तो चोर.

उंदरांनी वायर खाल्ली, काय करू?

ऊसतोड सुरू झाली की हे वाढतं, फड मोकळे होतात आणि उंदीर आसरा शोधत गाडीत येतात, शेतातल्या घरासमोर लावलेल्या गाड्या जास्त. कुरतडलेली एक वायर दिसली की तिथंच थांबू नका, आख्खा जुडगा खोलून बघा, कारण अर्धवट खाल्लेली दुसरी वायर पुढच्या पावसात फॉल्ट देणार. गाडी रोज हलवा, रात्री बॉनेट उघडं ठेवून वर दिवा लावला तरी फरक पडतो.

जास्त वॅटचे बल्ब, मोठे हॉर्न बसवले तर चालतं का?

साधा हेडलाईट बल्ब ६०/५५ वॅटचा, एकाला पाच अँपिअर, दोघांना दहा. १००/९० टाकले की दोघांचे साडेसोळाच्या पुढं. वायर, कपलर, बीसीएममधलं ट्रान्झिस्टर सगळं दहाच्या हिशेबानं केलेलं. कपलरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वास यायला लागतो तोपर्यंत लोक थांबतात, नका थांबू. हॉर्न मोठा पाहिजेच असेल तर वेगळा रिले, बॅटरीवरनं वेगळी फ्यूजची लाईन, आणि कंपनीच्या वायरीतनं फक्त रिलेचा सिग्नल. वायर कापायची नाही, कपलरवाला सेट मिळतो. कापलेली वायर दिसली की वॉरंटीच्या क्लेमला पण अडचण येते.

टेस्ट लॅम्प लावून चेक केलं तर काय बिघडतं?

फ्यूजला, बॅटरीच्या लाईनला खुशाल लावा. पण बीसीएमच्या सिग्नलच्या वायरीला बल्बचा टेस्टर लावला तर त्यातनं बराच करंट ओढला जातो आणि आतला भाग जाऊ शकतो. आमच्या जुन्या मिस्त्रींचा हात बल्बवर बसलेला आहे, त्यांचं काम मला आजपण आवडतं, पण ह्या गाड्यांना मीटरच पाहिजे. आणि वायर टोचून भोक पाडू नका, त्या भोकातनं पाणी जातं आणि वर्षभरानं वायर तिथंच हिरवी होऊन तुटते.

ऑनलाईन स्वस्तातलं ब्लूटूथवालं डोंगल घेतलं, त्यात बीसीएमचं काहीच दिसत नाही.

ईएलएम ३२७ वाली डोंगल बहुतेक इंजिनचे पी कोडच दाखवतात, बॉडीचं वाचायला कंपनीचा नायतर त्या गाडीचा सपोर्ट असलेला स्कॅनर लागतो. ते डोंगल बॅटरीचं व्होल्टेज मात्र दाखवतं, त्यासाठी वापरा, आणि काम झाल्यावर सॉकेटमधनं काढून ठेवा, नायतर तेच बॅटरी खाईल.

रिमोट चालत नाही, हा पण बीसीएम?

आधी चावीतला सेल. बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ असतो, नवीन ३ व्होल्टच्या वर. दुसरी चावी चालतेय का बघा. चालत असेल तर गाडी निर्दोष. बटन स्टार्टच्या गाडीला चावी ओळखू येईना तर चावी बटनालाच टेकवून ब्रेक दाबून बघा, बऱ्याच गाड्यांत अशी सोय असते, मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते. ब्रेक दाबल्यावर मागचे लाईट लागतायत का ते पण बघा, कारण ब्रेक स्विच गेला तरी बटनानं गाडी सुरू होत नाही.

मग बीसीएम कधीच जात नाही का?

जातो की. सप्लाय आणि अर्थ लोडवर बरोबर, लाईव्ह डेटात निरोप पोचतोय, ॲक्टिव्ह टेस्ट दिली, त्या लाईनला शॉर्ट नाही, आणि तरी आउटपुटच्या पिनवर काही येत नाही, मग बीसीएमच. उघडल्यावर बरेचदा दिसतं पण, रिलेजवळचा सोल्डर तडकलेला, एखादी रेघ काळी, पाण्याचा हिरवा डाग. तडकलेला सोल्डर किंवा चिकटलेला रिले चांगला कार्डवाला दुरुस्त करतो, सरसकट नवीन घ्यायची गरज नसते. पण तो का जळाला ते शोधल्याशिवाय नवीन बसवू नका, नवीन पण त्याच वाटेनं जाईल.

जुना बीसीएम स्क्रॅपमधनं आणून बसवला तर?

नुसता बसवून चालत नाही. त्यात आधीच्या गाडीचा चासी नंबर, तिचं मॉडेल, तिच्या चाव्या भरलेल्या असतात. काही गाड्यांत तो खोडताच येत नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. नवीन असला तरी कोडिंग लागतं, म्हणून जुना काढायच्या आधी त्यातलं कोडिंग वाचून ठेवायला सांगा, घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा (एक घरी राहिली तर नंतर ती चालायची नाही), आणि कोडिंग चालू असताना बॅटरीला चार्जर जोडलेला असू दे, मधेच व्होल्टेज पडलं तर नवाकोरा बीसीएम जागेवरच अडकतो.

गॅरेजला गाडी देताना काय सांगू म्हणजे माझी फसवणूक होणार नाही?

फॉल्ट कधी येतो ते लिहून न्या. पाऊस होता का, गाडी गरम होती का, कुठलं बटन दाबलं होतं, खड्ड्यात आदळली होती का. मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण गॅरेजमध्ये गेल्यावर फॉल्ट हमखास लपून बसतो. गाडीत अलीकडं काय काम झालंय ते लपवू नका, काच बदलली, टिंकरिंग केलं, स्टिरिओ बसवला, सगळं सांगा. आणि बीसीएम बदलायचा म्हणाले तर शांतपणे एवढंच विचारा: बीसीएमच्या पिनवर सप्लाय आणि अर्थ लोडवर किती व्होल्ट आले? ज्यानं मोजलंय तो आकडा सांगेल, कागदावर लिहून पण देईल. ज्यानं मोजलं नसेल त्याला म्हणा, आधी मोजा, मी इथंच थांबतो.